मोटर नंबरात आहे: एका डीपीवरच्या अठरा मोटरींचे प्रकरण

पार्श्वभूमी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यातली ही एक वस्ती. ओढ्याच्या दोन्ही अंगांना विहिरी. रानात कांदा, गहू, घास आणि थोडा ऊस. वस्तीच्या तोंडाशी १०० केव्हीए क्षमतेची डीपी, म्हणजे वीज वाटून देणारा ट्रान्सफॉर्मर, आणि तिच्यावर १८ मोटरी. त्यातल्या १४ पाच एचपीच्या, ४ तीन एचपीच्या. मंजूर जोडण्या १५. गावाचे, माणसांचे आणि स्टार्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करायची पेटी, बनवणाऱ्या कारखान्याचे नाव मी देणार नाही. त्या कारखान्यात माझे काम यंत्र आणि माणूस यांच्यातला व्यवहार आखण्याचे आहे. कोणते बटण कुठे असावे, दिवा कधी लागावा, फोन केल्यावर आतून कोणते वाक्य ऐकू यावे, हे मी ठरवतो. याला इंटरॅक्शन डिझाइन म्हणतात. मोबाईलच्या पडद्याशी या शब्दाचे नाते सगळ्यांना दिसते, पण शेतातल्या लोखंडी पेटीवरचे हिरवे आणि लाल बटण हेही तेच काम आहे.

शेतीच्या थ्री फेज विजेला पाळी असते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीत लाईट आली म्हणून भरवसा नसतो. मध्येच जाते, परत येते, परत जाते. विहीर घरापासून अर्धा किलोमीटर. वाटेत ऊस, उसात बिबट्याची भीती, बांधावर साप, स्टार्टरच्या पेटीपाशी ओल. हिरवे बटण दाबायला रात्री दोनदा उठून तिथे जायचे म्हणजे काय, ते जो गेला आहे त्यालाच कळते.

म्हणून ऑटो आले. ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडलेली छोटी पेटी. लाईट आली की ती माणसाच्या जागी हिरवे बटण दाबते, इतकेच. स्वस्त, गावातला वायरमन अर्ध्या तासात बसवून देतो. पुढे मोबाईल स्टार्टर आले. त्यात सिम कार्ड असते. घरून फोन लावायचा, आवाज सांगतो मोटर चालू आहे की बंद, आणि आकडा दाबून ती चालू किंवा बंद करता येते. आमचा कारखाना हेच बनवतो. आमच्या स्टार्टरमध्येही ऑटोची सोय होती आणि घेणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी तीच चालू करायचा.

अडचण

एका रब्बीत ती डीपी दोनदा जळाली. दुसऱ्यांदा जळाली तेव्हा कांदा पोसत होता, म्हणजे पाण्याचा ताण अजिबात चालत नाही अशा वेळी. नवी डीपी येईपर्यंत वर्गणी, ट्रॅक्टर, चकरा, आणि वाळत चाललेले वाफे. स्टार्टर विकणाऱ्या तालुक्याच्या दुकानदाराने आमच्याकडे निरोप पाठवला: डीपी जळणार नाही असा स्टार्टर द्या.

हिशेब सोपा आहे, पण तो मांडायला हवा. पाच एचपीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर ओढते. सुरू होण्याच्या क्षणी मात्र ती याच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास ओढते, कारण थांबलेला रोटर, म्हणजे मोटरीचा आतला फिरणारा भाग, फिरायला लागेपर्यंत करंटला अटकाव कमी असतो. १०० केव्हीए डीपीची क्षमता सुमारे १३३ अँपिअर. या वस्तीतल्या अठराच्या अठरा मोटरी चालल्या तरी बेरीज सव्वाशेच्या आत राहते, म्हणजे काठावर का होईना पण मावते. त्याच अठरा मोटरी एका क्षणी सुरू झाल्या तर मागणी सव्वासातशेच्या वर जाते.

यातली खरी वाईट गोष्ट पुढची आहे. इतकी ओढ झाली की व्होल्टेज खाली बसते. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले तर जोर ६४ टक्के उरतो. मग मोटर उचलत नाही, नुसती गुरगुरते. उचलत नाही तोवर सहापट ओढत राहते. एरवी एक-दोन सेकंदांत संपणारा झटका लांबतो, आणि डीपीच्या आतले तेल आणि वेटोळ्यांवरचे आवरण तापते. फ्यूज जायला हवा, पण किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या खोबणीत, फ्यूजच्या तारेऐवजी जाड तार पिळलेली असते, कारण रोज जाणारा फ्यूज कोणालाच नको असतो.

महावितरण वर्षानुवर्षे आवाहन करत आले आहे की ऑटो स्विच काढा आणि मोटरीला करंटची ओढ कमी करणारा कपॅसिटर बसवा. आवाहन बरोबर आहे. तरी ऑटो निघत नाहीत. आमच्या बैठकीत याचे उत्तर एका वाक्यात दिले गेले, "लोकांना समजत नाही." मीही तेव्हा मान डोलावली होती. या प्रकरणातली आमची पहिली चूक तीच.

पहिला प्रयत्न: गुपचूप उशीर

आमच्या स्टार्टरमध्ये उशिराची सोय आधीपासून होती. एसएमएसने एक कोड पाठवला की लाईट आल्यावर किती सेकंदांनी मोटर सुरू करायची ते ठरवता येई. त्या वस्तीत आमचे ११ स्टार्टर होते. मी तालुक्याला जाऊन एकेक तपासला. अकराही कारखान्यातून निघताना होते तसेच, पाच सेकंदांवर. कोणी बदललेच नव्हते. आम्ही बसवलेल्या आकड्यामुळे ११ मोटरी नेमक्या पाचव्या सेकंदाला एकदम सुरू होत होत्या. साधे ऑटो निदान एकमेकांपासून थोडे इकडेतिकडे असतील. आमचे इलेक्ट्रॉनिक घड्याळ अचूक होते, आणि त्या अचूकपणानेच भार एकत्र आणला. यंत्रात सोय देणे म्हणजे काम झाले नव्हे. कारखान्यातून जो आकडा बसून येतो तोच बहुतेकांच्या शेतात आयुष्यभर राहतो, आणि त्याची जबाबदारी आकडा बसवणाऱ्याची असते.

उपाय सोपा वाटला. प्रत्येक स्टार्टरला शून्य ते दहा मिनिटांमधला वेगवेगळा उशीर आपणच बसवून द्यायचा. संगणकांच्या जाळ्यात ही युक्ती १९७०च्या दशकापासून वापरात आहे: एकाच तारेवर दोघे एकदम बोलायला गेले तर दोघांनीही गप्प व्हायचे आणि मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलायचे. आम्ही अकराही स्टार्टरमध्ये तसा बदल केला. शेतकऱ्यांना वेगळे काही सांगायची गरज वाटली नाही. मोटर आपोआप सुरू होणार, फक्त थोडी उशिरा.

दोन आठवड्यांत अकरापैकी सहा ठिकाणी तो उशीर निकामी झाला होता. दोघांनी वायरमनकडून आमच्या पेटीला वळसा घालून जुना ऑटो परत जोडून घेतला, चौघे स्वतः जाऊन हिरवे बटण दाबू लागले. ज्या रात्रीच्या चकरेतून सुटका म्हणून स्टार्टर विकला होता, तीच चक्कर आमच्यामुळे परत सुरू झाली.

शेतातली एक रात्र

तेव्हा मी तिथे एक रात्र थांबलो. कामाची सुरुवात खरे तर तिथूनच व्हायला हवी होती.

ज्यांच्याकडे थांबलो त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही तेच म्हणतो. सव्वाअकराला लाईट आली. हे कळले कसे, तर खांबावरचा दिवा लागला आणि ओढ्यापलीकडे एक मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. मग दुसरी. पाइपातून पाणी पडायला लागल्याचा आवाज रात्री लांबवर येतो. आबा खाटेवर उठून बसले. कान दुसऱ्याच्या पाइपाकडे. त्यांनी फोन लावला. आमचा आवाज म्हणाला, "आपला पंप बंद आहे." पुन्हा लावला, तेच. तिसऱ्यांदा लावला आणि मग बॅटरी घेऊन निघाले. मी मागून. विहिरीपाशी पोहोचेपर्यंत सहा मिनिटे झाली असतील. त्यांनी पेटी उघडली, लाल दिवा बघितला, हिरवे बटण दाबले. मोटर लगेच सुरू झाली.

"बघा," ते म्हणाले, "मोटरीला काय झालंय का? तुमचा डबाच बंद पडतोय."

त्यांच्या स्टार्टरचा उशीर आठ मिनिटांचा होता. दोन मिनिटे थांबले असते तर मोटर आपोआप सुरू झाली असती. पण ते त्यांना कळणार कुठून? पेटीवर दोनच दिवे होते, हिरवा म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बंद. थांबलेली पण सुरू होणार असलेली मोटर आणि बिघडलेली मोटर, दोन्ही बाहेरून अगदी सारख्या दिसत होत्या. आम्ही यंत्राला एक तिसरी अवस्था दिली होती आणि ती सांगायला त्याला दिवाही दिला नव्हता, शब्दही नाही.

परत येताना आबांनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि तिने माझा समज बदलला. उशिरा सुरू होणाऱ्याची मोटर कधी कधी उचलतच नाही, कारण आधीच्यांनी व्होल्टेज खाल्लेले असते. त्यांची विहीर लाइनच्या टोकाला. शिवाय तिच्यावर दोन भावांची पाळी, चार-चार तासांची. आपल्या चार तासांतली दहा मिनिटे गेली तर ती परत मिळत नाहीत. "पहिला आला त्याची मोटर चालते, साहेब. शेवटच्याची डीपीच जाते."

म्हणजे डीपी कशाने जाते हे आबांना पक्के ठाऊक होते. प्रत्येकाला ठाऊक होते. आपण एकट्याने थांबून डीपी वाचत नाही, फक्त आपले पाणी जाते, हेही ठाऊक होते. ऑटो ठेवणे हा अडाणीपणा नव्हता. एकट्यापुरते पाहिले तर त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा बरोबर होता.

समोर असलेले पर्याय

कारखान्यात परत आल्यावर जे पर्याय मांडले गेले ते असे.

ऑटोची सोयच काढून टाकायची. काही जणांना हे जबाबदारीचे वाटले. मला ते पटले नाही. आमची सोय गेली की बाजारातला साधा ऑटो लागणार, आणि तोही उशिराशिवायचा.

मोटर हळू सुरू करणारे सॉफ्ट स्टार्टर किंवा मोटरीचा वेग कमी-जास्त करणारे व्हीएफडी. तांत्रिकदृष्ट्या हेच सर्वांत चांगले. पण पाच एचपीच्या मोटरीच्या मालकाला ती किंमत परवडत नाही. दहा मिनिटांत हा पर्याय मिटला.

डीपीपाशीच एक नियंत्रक बसवायचा, जो मोटरींना पाळीपाळीने वीज सोडेल. डीपी वीज कंपनीची, तिला हात लावायचा अधिकार आम्हाला नाही. तोही मिटला.

उशीर आहे तसा ठेवून फक्त सांगायचे: पिवळा दिवा आणि फोनवर एक वाक्य. स्वस्त आणि लगेच होण्यासारखे. पण याने आबांच्या दुसऱ्या म्हणण्याला उत्तर मिळत नव्हते. ज्याला आठ मिनिटे बसून आली तो कायम आठ मिनिटांवर, आणि ज्याला शून्य आले तो कायम पहिला. का, याला कारण काहीच नाही.

शेवटचा पर्याय वस्तीतच सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीपाशी चहा घेत होतो. गिरणी बंद होती, आणि दारात दळणाचे डबे ओळीने मांडलेले. माणसे कोणीच नाहीत. डबा ठेवला की नंबर लागला; लाईट आली की गिरणीवाला त्या ओळीने दळतो, आणि ज्याचा डबा सातवा आहे तो घरी निवांत असतो. थांबायला या लोकांची ना कधीच नव्हती. दिसणाऱ्या ओळीत ते दिवसभर थांबतात. न दिसणाऱ्या ओळीत दोन मिनिटेही थांबत नाहीत, आणि का थांबावे?

काय केले

प्रत्येक स्टार्टरला नंबर द्यायचे ठरले. लाईट आली की पहिल्या नंबराची मोटर लगेच, मग दर ३० सेकंदांनी पुढची. आधीचे ११ आणि नव्याने आलेले २, असे १३ स्टार्टर. म्हणजे शेवटच्याला जास्तीत जास्त सहा मिनिटे. नंबर रोज एकाने सरकणार, आज पहिला तो उद्या शेवटचा. तारीख सिमच्या नेटवर्कवरून मिळते, आणि नेटवर्क नसले तर पेटीतले घड्याळ चालते.

हे सांगायला मारुतीच्या पारावर बैठक झाली. पहिले नंबर चिठ्ठ्या टाकून काढले. चिठ्ठ्यांचा आग्रह माझा नव्हता, त्यांचा होता. कारखान्यातून नंबर बसवून आणला असता तर "अमक्याला पहिला कसा?" हा प्रश्न कायम राहिला असता.

बैठकीत एका मावशींनी विचारले, "लाईट तासात चारदा जाती. गेली की परत पहिल्यापासून मोजणार का? मग माझा तेरावा कधी यायचा?"

आम्ही याचा विचारच केला नव्हता. त्या म्हणत होत्या तसेच झाले असते: लाईट आली, पहिल्या काही मोटरी सुरू झाल्या, लाईट गेली, आली, पुन्हा तेच पहिले. ओळीच्या शेवटच्यांना अख्खी रात्र पाणी नाही. तिथेच पारावर उत्तर निघाले. एकाच पाळीत लाईट जाऊन आली की ओळ उलटी लागेल. शेवटचा पहिला होईल. कारखान्यात तीन महिने बसून जे सुचले नसते ते त्या एका प्रश्नाने सुचले. बैठक आम्ही माहिती देण्यासाठी बोलावली होती. आराखडा खरा तिथे पुरा झाला.

पेटीवर तिसरा दिवा आला, पिवळा. नंबर येईपर्यंत तो लुकलुकतो.

आवाजाचे काम सर्वांत जास्त दिवस चालले. आमची जुनी वाक्ये स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेली होती: "आपला पंप कार्यान्वित झाला आहे," "विद्युत पुरवठा खंडित आहे." वस्तीत कोणी "पंप" म्हणत नाही, मोटर म्हणतात, "विद्युत पुरवठा" नाही, लाईट. ती वाक्ये बदलली. पण नव्या अवस्थेला काय म्हणायचे? "प्रतीक्षा करा" हे बँकेतल्यासारखे वाटले. मी लिहिले, "मोटर थांबली आहे." पहिल्याच चाचणीत एक जण ते ऐकून चप्पल घालून निघाला. त्याने ऐकले ते "बंद पडली आहे". मराठीत थांबली म्हणजे दोन्ही होते, वाट बघते आहे हेही आणि चालायची बंद झाली हेही. मग त्यालाच विचारले, तुम्ही बायकोला कसे सांगाल? तो म्हणाला, "सांगीन की नंबरात हाय." तेच वाक्य घेतले: "लाईट आली आहे. मोटर नंबरात आहे. तुमचा नंबर सातवा. तीन मिनिटांनी चालू होईल."

मोटर खरोखर सुरू झाली की स्टार्टर मालकाला मिस्ड कॉल देतो, दोन रिंग. बंद पडली की लांब रिंग. आधी आमचे ॲप होते आणि त्यात छान आलेखही होते. रात्री साडेअकराला डोळे चोळत कोणी ॲप उघडत नाही. मिस्ड कॉलची भाषा मात्र गावात आधीपासून रुजलेली होती; एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोहोचलो. ती शिकवावी लागली नाही.

वादाचा मुद्दा: हिरवे बटण

सगळ्यांत मोठा वाद एका बटणावर झाला. आमच्या इंजिनिअर सहकाऱ्यांचे म्हणणे होते की नंबर येईपर्यंत हिरवे बटण चालूच नये. एकाने मधे घुसून मोटर सुरू केली तर सगळ्या ओळीला अर्थ काय? म्हणणे चुकीचे नव्हते. चालू गाडीत दार उघडू नये म्हणून कुलूप लागते, तसेच.

माझा विरोध होता, आणि तो मी आजही धरून आहे. रात्री चिखलातून चालत आलेला माणूस पेटी उघडून बटण दाबतो आणि काही होत नाही, तेव्हा तो पुढे काय करतो? पेटीत हात घालतो. स्टार्टर सोडून तारेला तार लावायची कला प्रत्येक वस्तीत कोणाला तरी येते, आणि ओल्या जमिनीवर उभे राहून ती करताना जीव जातो. बटण मेलेले ठेवले तर नियम पाळला जाणार नाही, फक्त तो मोडण्याची जागा जास्त धोक्याची होईल.

तोडगा असा निघाला: नंबर येण्याआधी हिरवे बटण चालते, पण पाच सेकंद दाबून धरावे लागते. तेवढा वेळ पेटी पीं-पीं वाजते. ते पाच सेकंद अडवण्यासाठी नव्हते. घाईत दाबणारा आणि खरोखर गरज असलेला, यांच्यात फरक पडावा इतकेच. शिवाय रात्रीच्या शांततेत तो आवाज शेजारच्या वाफ्यात दारे धरणाऱ्यालाही ऐकू जातो. हा परिणाम आम्ही ठरवला नव्हता, पण झाला.

निष्पत्ती

पहिल्या महिन्यात दोन पेट्यांना वळसा घातलेला सापडला. एका ठिकाणी खरोखर आमचाच बिघाड होता, घड्याळाची बॅटरी गेलेली. दुसऱ्या ठिकाणी माणसाला फोनवर काहीच ऐकू येत नव्हते, कारण फोन त्यांच्याकडे नव्हताच. स्टार्टरमध्ये नोंदवलेला क्रमांक चाकणच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलाचा. रात्री पाणी बघायची त्याची आई. दोन रिंग चाकणला वाजायच्या आणि आई अंधारात चालत जायची. दोन क्रमांकांची सोय केली आणि नोंदणीचा प्रश्न बदलला: "मालकाचा नंबर" ऐवजी "पाणी कोण बघतं?" या प्रश्नाने चार घरांत दुसरा क्रमांक जोडला गेला. चारही बायकांचे.

त्यानंतरचा उन्हाळा आणि पुढची रब्बी या काळात डीपी जळाली नाही. हे आमच्यामुळेच झाले असे मी म्हणणार नाही. त्याच काळात सात-आठ जणांनी कपॅसिटर बसवले. त्या रब्बीत पाऊस चांगला झाल्याने विहिरींना पाणी होते आणि मोटरी कमी तास चालल्या. डीपीच्या बाहेर पडणारा करंट आम्ही आधी मोजून ठेवलाच नव्हता, म्हणून आधी आणि नंतर यांची तुलना करायला हातात आकडा नाही. एवढे मात्र आहे की किटकॅट बदलायला ज्या पोराला हाक मारतात, तो म्हणतो की रात्रीच्या हाका जवळजवळ बंद झाल्या. आणि आबा आता विहिरीवर जात नाहीत. त्यांनी सांगितले म्हणून नव्हे; त्यांच्या पेटीतली नोंद मी पाहिली, त्यात हिरवे बटण महिनाभर दाबले गेले नव्हते.

ओळीबाहेर पाच मोटरी राहिल्या, साध्या ऑटोवरच्या. त्या पाच एकदम सुरू झाल्या तरी डीपी सोसते. पण प्रश्न करंटचा नव्हता. ओळीतल्यांनी तीन बैठकांत हेच काढले: आम्ही थांबायचे आणि त्यांनी पहिले पाणी ओढायचे? त्यांचे बरोबर होते. यावर यंत्रात उत्तर नव्हते. दुकानदाराने साध्या ऑटोला जोडता येईल असा टायमर स्वस्तात दिला. पुढे दोघे ओळीत आले, एक जण भावकीच्या दबावाने आणि दुसरा मिस्ड कॉल हवा म्हणून. तिघे अजून बाहेर आहेत. त्यातल्या एकाशी ओळीतल्या दोघांचे बांधाचे भांडण आहे, आणि ते डीपीपेक्षा जुने आहे.

पुन्हा करायचे झाले तर

पहिली रात्र शेतात काढीन, आराखडा त्यानंतर. दोन आठवडे आम्ही ज्या चुकीत घालवले, ती अर्ध्या तासात दिसली असती. नुसते "गेलो असतो तर" म्हणून हे लिहीत नाही. त्या दोन आठवड्यांत सहा जणांचा आमच्यावरचा विश्वास गेला आणि परत मिळवायला सहा महिने लागले. पुढे खऱ्या बिघाडाच्या वेळीही त्यांनी आधी आमच्या डब्यालाच शिव्या दिल्या.

वायरमनला पहिल्या बैठकीला बोलावीन. आम्ही त्याला विसरलो. वळसा घालणारा हात त्याचा होता, आणि त्याला आमची पेटी उघडून दाखवली असती तर तो वळसा घालण्याऐवजी बॅटरी बदलून देता. वस्तीतले प्रत्येक यंत्र शेवटी त्याच्याच हातून जाते.

करंट मोजण्याची परवानगी वीज कंपनीकडून आधीच घेईन. महिनाभर नुसते मोजीन, मग काम.

एका निर्णयाबद्दल मी अजून दोन मनांत आहे. लाइनच्या टोकाच्या विहिरींना व्होल्टेज कमी मिळते, म्हणून आबांसारख्यांना कायम पहिल्या पाचांत ठेवावे असे तांत्रिक कारण होते. बैठकीत मी ते मांडले नाही. रोज सरकणारा नंबर सगळ्यांना लगेच समजला होता, आणि त्यात अपवाद घातला की समजावून सांगायची गोष्ट दुप्पट झाली असती. न्याय दिसला पाहिजे म्हणून मी तो थोडा कमी नेमका ठेवला. टोकाच्या दोन विहिरींना त्याची किंमत मोजावी लागते. त्यांचा नंबर शेवटी येतो त्या रात्री मोटर कधी कधी दुसऱ्या प्रयत्नात उचलते. आबांना हे मी सांगितले आहे. ते म्हणाले, पुढच्या बैठकीत काढू.

ती बैठक आता ठरली आहे. मोफत विजेची योजना साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना असल्याने एकाने पाचची मोटर काढून साडेसातची घ्यायची ठरवली आहे, आणि आणखी एक जोडणी मंजूर होऊन आली आहे. साडेसातची मोटर सुरू होताना ६० ते ७० अँपिअर ओढेल. तिच्या मागच्याला ३० सेकंद पुरतील का, सोळाव्याची चिठ्ठी कशी टाकायची, आणि चालत्या भाराची बेरीज १३३ ओलांडू लागली तर नंबर लावून काय होणार, हे तीन विषय कागदावर आहेत. तिसऱ्याचे उत्तर आमच्या पेटीत नाही. त्यासाठी दुसऱ्या डीपीचा अर्ज करायचा आहे, आणि त्या अर्जावर सह्या गोळा करायचे काम मावशींनी घेतले आहे.